आत्याला समजलं की धडा संपला

प्रिय वहिनी,

पत्र बघून दचकू नकोस. सगळे धडधाकट आहेत, कुणाचं हाडबीड मोडलेलं नाही. घरात फोन असताना हिला पत्राचं काय सुचलं, असं म्हणशील. तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून. मी 'हॅलो' म्हणायच्या आत पोरं झडप घालतात, आणि माझी पाळी आली की तुझं 'ताई, नंतर बोलते हं' सुरू होतं. ते नंतर अजून उजाडलेलं नाही. तुझा भाऊ कामासाठी काल इकडे आला, आज दुपारी परत निघतोय. त्याच्या हातात हे देणार आहे, तोवर जेवढं होईल तेवढं लिहिते. मी तिसरीतून घरी बसलेली बाई, अक्षर कसंही वाकडंतिकडं असेल, लाल पेन घेऊन बसू नकोस. आणि मला घोळवत बसता येत नाही, म्हणून मुद्द्याचं आधीच सांगते. आपली मोठी कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसणार नाही म्हणते.

परीक्षा पुढच्या आठवड्यावर आली. 'मला काही येत नाही, एक वर्ष थांबते,' एवढंच बोलते आणि कपड्यांच्या घड्या करायला लागते. घड्या झालेले कपडे मोडून पुन्हा घड्या करते. दादाला सांगितलं तर तो वेल्डिंगच्या दुकानातून डोळे लाल करून आलेला, म्हणाला, 'तुमचं शिक्षणखातं तुम्ही दोघी बघा,' आणि कुशीवर वळला. तो तसा वाईट नाही हे तुलाही माहीत आहे. पण घराला आग लागली तरी आधी 'बंब बोलावला का' विचारेल आणि मग उशी घेऊन बाहेर जाईल.

मला हल्ली एका जागी बसवत नाही. मशीनवर बसले की स्वयंपाकघर आठवतं, स्वयंपाकघरात गेले की मशीन. दुकानदाराला गणवेशाचे गठ्ठे वेळेवर हवेत. जगातल्या पोरांचे गणवेश मी शिवायचे आणि आमच्या घरची चार पोरं घरच्या कपड्यांत टेबलाभोवती. सकाळी एकदा ते टेबल पुसलं की तीच आपली शाळा. वकीलीणबाई सगळ्यांवर नजर राहील अशा टोकाला बसते. आठ वर्षांची आहे पण माझी उलटतपासणी घेते. 'आत्या, गप्प्याला दोन धडे आणि मला तीन, का?' 'कारण तू जास्त बोलतेस.' 'मग त्याला जास्त द्यायला हवेत ना, म्हणजे तो बोलेल.' आता याला उत्तर काय द्यायचं तू सांग. गप्प्या माझ्या मशीनला पाठ लावून बसतो. सगळ्यात धाकटा, आपलं शेपूट, टेबलाखाली. पाच वर्षांचा घोडा झाला तरी माझा पदर सोडत नाही, अक्षरंही माझ्याच पायावर गिरवतो, खडूने. एकाचं अ आणि आ, दुसरीचे पाढे, तिसऱ्याची भूमिती, आणि मोठीचं ते ज्यात आकडे कमी नि अक्षरंच जास्त. सगळं एकाच वेळी, एकाच टेबलावर. त्यात दूध उतू जातं. शेजारीण भिंतीवरून रोज न चुकता विचारते, 'काय, आज सुट्टी वाटतं?' मी म्हणते, आमची शाळा सुटतच नाही, तर सुट्टी कुठून असणार.

थांब, शेपटाने कात्री घेतली.

आले. तर वहिनी, तुला आठवतंय ना हे सगळं कशापायी सुरू झालं? शाळेत गप्प्याला बाकावर उभं केलं होतं. कविता म्हणेपर्यंत खाली उतरायचं नाही म्हणे. पहिल्याच शब्दावर पोराची जीभ अडली ती अडलीच, आणि वर्ग हसत राहिला. तू त्याला हाताला धरून आणलंस, चप्पलसुद्धा एकच होती पायात. दुसऱ्या दिवशी मोठीचंही नाव काढलंस. म्हणालीस, 'पुन्हा शाळेचं तोंड बघणार नाही, मी घरी शिकवीन.' मी म्हटलं, वेड लागलंय हिला. तोंडावरच म्हटलं. तू चिडलीस की मला 'वन्सं' म्हणतेस, तशी म्हणालीस, 'वन्सं, तुम्ही शिलाई बघा.' महिनाभर आपण दोघी एका घरात राहून भिंतींशी बोलत होतो.

मग तो दिवस. मी कॉलर लावत होते, मान खाली, तोंडात टाचण्या. गप्प्या मागे बसून मला सांगत होता की समुद्राचं पाणी वर जातं, ढग होतं, डोंगराला अडतं, पडतं, आणि नदीतून पुन्हा समुद्रात. एकदाही अडला नाही. मी काही त्याच्याकडे बघत नव्हते, माझ्या तोंडात टाचण्या, मी हसणार तरी कशी? वळून बघते तर तू दारात, हातात पळी, आणि पळीतलं सगळं जमिनीवर. त्या दिवसापासून तू नियम केलास की जो धडा शिकाल तो आत्याला शिकवायचा. आत्याला समजलं की धडा संपला. नाही समजला तर पुन्हा. आणि मी कसली हट्टी, मला नाही समजलं तर नाही समजलं. वकीलीणबाई पाय आपटते, 'आत्या, तू मुद्दाम ढ होतेस!' पण मी उगाच मान डोलावणार नाही. हृदयाला कप्पे किती ते मला आता झोपेतून उठवून विचार. हे पत्र लिहितेय तेही त्याच नियमाच्या कृपेने, नाहीतर तिसरीनंतर मी दुकानाच्या पाट्यांपलीकडे काही वाचलं नव्हतं.

तुझे वडील पडले, कंबरेचं हाड गेलं, तू निघालीस. 'ताई, दोन आठवडे सांभाळा,' म्हणालीस. सांभाळले. मग 'अजून थोडे दिवस' झाले. मग तू दिवस बोलायचंच सोडलंस. फोनवरून धडे नेमून देतेस, उंटावरून शेळ्या हाकतेस. 'गप्प्याची भूमिती झाली का? वकीलीणबाईचं वाचन झालं का?' इकडून चौघे ओरडतात, 'झालं!' तुला वाटतं झालं. मी मागून बघते, एकाच्या वहीत मांजर काढलेलं असतं.

आणि वहिनी, तुझ्या वडिलांच्या खोलीत घंटा कशी गं वाजते? तू रोज एकाच वेळी फोन करतेस, मागे पोरांचा गलका असतो, मग घंटा होते आणि तू घाईने ठेवून देतेस. पहिल्यांदा शेपूटच म्हणाला, 'आईच्या घरात शाळा आहे.' वकीलीणबाई उठून उभी. 'घरात शाळा कशी असेल? शाळेत आई असेल.' मी म्हटलं, शेजारी असेल एखादी, गप जेवा. गप्प्याने ताटातून डोळे वर केले नाहीत. मोठी उठली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली. त्या दिवसापासून तिचं हे सुरू आहे, झालेलं काम पुन्हा करायचं. फोन आला की बाकीची धावतात, ती मोरीत जाते. तू विचारतेस, 'मोठी कुठे?' आणि मी सांगते, अंघोळ करतेय. दिवसातून किती अंघोळी करते पोरगी, असं तुला कधी वाटलं नाही?

तेव्हापासूनच ती धड्यांत अडायला लागली. जी मला मशीनचं चाक थांबायच्या आत सगळं समजावून मोकळी व्हायची, ती आता सुरुवात एकीकडे करते नि शेवट भलतीकडे. मला समजत नाही. मी म्हणते, नाही समजलं, पुन्हा सांग. ती म्हणते, 'बघ, मलाच येत नाही.' मी माझ्या डोक्याला दोष दिला. म्हटलं, पोरगी मोठ्या पुस्तकांत गेली, माझी धाव तिथवर कुठली. परवा मात्र ती चंद्राचा धडा घेऊन बसली. म्हणाली, पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र कमी कमी दिसतो. मी मशीन थांबवलं. म्हटलं, अगं उलटं सांगतेस. सावली पडते ती ग्रहणात. एरवी त्याच्या निम्म्या अंगावर उजेड असतोच, आपल्याला तो कुठून दिसतो तेवढीच गंमत. मशीनचा दिवा आणि दोऱ्याचं रीळ घेऊन गेल्या साली तूच मला दाखवलंस, आणि तूच विसरलीस?

वहिनी, ती माझ्याकडे अशी बघायला लागली, चोरी पकडल्यावर बघतात तशी. मग रडली. मोठी रडते हे मी विसरूनच गेले होते. तिला सगळं येतंय. आकडे, अक्षरं, चंद्र, सगळं. ती मुद्दाम चुकतेय. मला म्हणाली, 'मी अडले की आईला यावंच लागेल. तुला शिकवायला जमत नाही म्हटल्यावर ती येईल. मी पास झाले तर ती कशाला येते?' पोरीने एक अख्खं वर्ष तुझ्या वाटेवर अंथरायचं ठरवलंय, आणि मी मूर्ख, इतके दिवस नाही समजलं, नाही समजलं म्हणत तिला मदतच करत होते.

तुझ्या भावाला काल धरलं. त्याला खोटं बोलता येत नाही, तो चहात बघत बसला. म्हणाला, बाबा काठी घेऊन बागेत फिरतात आता. आणि अक्का तिथल्या शाळेत शिकवते, पोरं फार लाडकी आहेत तिची. एवढं बोलून त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला मारणार आहे.

मी मारणार नाही, त्यालाही नाही आणि तुलाही नाही. नोकरी धरलीस म्हणून मी चिडले असं समजू नकोस. चार पोरं, एक टेबल, सकाळपासून 'आई, आई, आई'. नळ सोडून तू न्हाणीत नुसती उभी राहायचीस ते मला बाहेर ऐकू यायचं. अंगावर पाणी पडल्याचा आवाज वेगळा असतो. मी कधी विचारलं नाही. आता मीच ते टेबल सांभाळते, आणि खरं सांगू, मीही परवा नळ सोडून उभी राहिले. जिने शाळेच्या नावाने बोटं मोडली तिचा जीव शाळेतच रमला, त्यात लाजायचं काय? एकाच वयाची पोरं समोर, घंटा झाली की सुटका, महिन्याला स्वतःच्या हाताची कमाई. मला कुणी दिलं असतं तर मीही पळाले असते. पण कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. इथे चारही जणांना उजाडलंय. नुसतं तोंडाने कुणी म्हणत नाही, कारण तू म्हणत नाहीस. पोरं तुझ्या खोट्याला सांभाळून घेतायत गं. शेपूटसुद्धा आता घंटा झाली की खोकतो, मागचा आवाज कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

बाहेर तुझा भाऊ बूट घालतोय, मला उरकायला हवं. हे पत्र मी का लिहिलं ते आता ऐक. आज सकाळी मोठी ओटा पुसत होती, पुसलेलाच, आणि माझ्या डोक्यात काय गेलं कोण जाणे, मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की रविवारी आई येतेय. 'कोण म्हणालं?' म्हणाली. मामा निरोप घेऊन आलाय, मी म्हटलं. मामा बिचारा तिथेच बसलेला, त्याने 'हो' म्हणून मान डोलावली. आता वकीलीणबाईने त्याला कुठल्या गाडीने, किती वाजता, कुणाबरोबर असं विचारून घाम फोडलाय. शेपूट आत्तापासून खिडकीत बसलाय, रविवार म्हणजे काय ते त्याला कळत नाही. गप्प्या माझ्या मशीनला एक वाक्य म्हणून दाखवतोय, तुला ऐकवायचंय त्याला, अडतो, पुन्हा सुरू करतो. मला ऐकू आलंय, पण ते मी लिहिणार नाही. मोठीने फडकं वाळत घातलं, आत गेली, आणि पुस्तक उघडून बसली. मी दोनदा जाऊन बघून आले, पानं उलटतेय. तेव्हा ये. राहायला ये असं म्हणत नाही, सोमवारी घंटेच्या आत परत जा, ह्या धाकट्या तिघांच्या शाळेचं काय करायचं ते आपण मागाहून भांडून ठरवू. पण एकदा त्यांच्यासमोर बस आणि तुझ्या तोंडाने सांग, मी तिकडे शिकवते, मला ते आवडतं, आणि तू परीक्षेला बस. मी तुझ्या नावाने थाप मारलीय वहिनी, चार पोरांच्या तोंडावर. रविवारपर्यंत ती थाप आहे. पुढचं तुझ्या हातात.

तुझीच,
ताई