गुलाबच्या गळ्याखालचा डाग

॥ श्री ॥
बोरी, ता. २० सप्टेंबर १९५७

तीर्थरूप बन्सीधरदादांस, प्रभावतीचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या गुरांच्या दवाखान्याचे डॉक्टर गावातले गोऱ्हे बघायला बोरीत येणार, अशी दवंडी झाली. गावासाठी एक वळू ठेवायचा, बाकी सगळे खच्ची करायचे. माझा गुलाब अडीच वर्षांचा झाला. त्याची माय मेली तेव्हा बोळ्यानं दूध पाजून मी त्याला जगवलं. खांदा, खूर, चाल, सगळं अस्सल लाल कंधारी. आश्रुबा गुराखी तर म्हणायलाय की असा गोऱ्हा लय वर्षांत पाह्यला न्हाई. फक्त गळ्याखाली रुपयाएवढा पांढरा डाग आहे. तुम्ही डॉक्टरांचे कंपाउंडर. एक शब्द टाकाल ना? माहेरी परतल्यापासून मला त्याच्याशिवाय कोण आहे?

वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

आपली धाकटी,
प्रभा

॥ श्री ॥
जिंतूर, ता. २६ सप्टेंबर १९५७

चि. प्रभावतीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गोऱ्ह्याची एवढी तारीफ ऐकून तुझी वहिनी म्हणाली की आता त्याची वरात काढायचीच बाकी आहे. पण डागाचा वळू डॉक्टर ठेवत नाहीत, पुढची वासरं बांडी, पांढऱ्या ठिगळांची निघतात. खच्ची झाला तरी गुलाब तुझ्याच दावणीला राहील, औत ओढील. तोंड पाडून बसू नकोस, आणि काही लपवू नकोस.

प्रकृतीस जप. आमची आठवण ठेव.

तुझा,
दादा

बोरी, ता. १० ऑक्टोबर १९५७

बन्सीधरदादांस,

तुम्ही लोक खच्ची करून गेल्यापासून गुलाब वैरणीला तोंड लावत नाही. मागचे पाय फाकवून उभा राहतो, मी जवळ गेले की मान फिरवतो.

हो, डागावर मी तांबडी काव फासली होती. डॉक्टरांनी पसंत केला होता, कागद लिहायला बसलेही होते. कासरा धरताना रंग तुमच्या बोटांना लागला आणि तुम्ही तो हात त्यांच्यापुढे धरलात. धोतराला पुसला असतात तर कोणाला कळलं असतं? वर चारचौघांत म्हणालात की आमच्या घराला लबाडी खपत नाही.

माझ्या पाठीवरचं कोड पदराखाली झाकून मला पाहुण्यांपुढे पाटावर कोणी बसवलं, दादा? त्यांनी विचारलं तेव्हा पोरगी निर्मळ आहे, असं देवाची शपथ घेऊन तुम्हीच सांगितलंत. महिन्याभरात त्यांनी मला दारात आणून सोडलं, तेव्हा तुम्ही हूं की चूं केलं नाही. तेव्हा खरं बोलला असतात तर निदान माझी अब्रू राहिली असती. तुम्हाला ते बारा वर्षांनी सुचलं, आणि तेही मुक्या जिवावर.

भाऊबीजेला येऊ नका. शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. मला लिहवत नाही.

प्रभावती