मूळ लेखकाचं नाव

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तुझा पत्ता मावशीकडून काढला, तिला रागवू नकोस. इकडे सगळे ठीक. तुझ्या भाचीचे पुढचे दोन दात पडलेत, तरी तोंडाचा पट्टा चालूच. ह्यांची पाठ आता बरी आहे. तीन वर्षांनी लिहितेय आणि पाठीचं सांगतेय, हसशील.

मी अजून ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करते. शनिवारी मात्र एक हौसेचं काम घेतलंय. खुल्या सॉफ्टवेअरची पॅकेजं सगळ्यांना मोफत वाटणारी एक मंडळी आहे. प्रत्येक पॅकेजात एक छोटी नोंद ठेवायची असते: हे मुळात कुठलं, कोणी लिहिलं, चूक सापडली तर कुठे कळवायची. कित्येक नोंदी रिकाम्याच. लेखकाविना पुस्तक दिसलं की माझे हात शिवशिवतात, तुला माहीतच आहे. म्हटलं, द्या इकडे.

गेल्या महिन्यात एक पॅकेज हाती आलं. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आवाज जुळवून देणारं. मूळ लेखक: अज्ञात. मूळ साइट: बंद. कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या एका बाईंनी विचारलं होतं, "यात एक चूक आहे, सांगायची कुणाला?"

पॅकेजचं नाव वाचताच ओळखलं. तू आईसाठी लिहिलेलं.

आमच्या नोंदी तपासून मंजूर करणाऱ्याला सगळे 'चाळणी' म्हणतात. तो म्हणाला, "बहीण आहात म्हणून नाव लावायचं? पुरावा आणा."

मग जुने साठे उपसले. तुझी पहिली प्रत सापडली, तुझ्या जुन्या ईमेलसकट. त्याच ईमेलवरून मला आलेली पत्रं चाळणीला दाखवली. आणि प्रत्येक बदलाखाली तुझी एकेक ओळ होती. 'आईला "सात"चं "आत" ऐकू येतं.' 'आज शंभर शब्द वाचून दाखवले, साठ बरोबर.' '"स" कानाला टोचतो म्हणाली, कमी केला.' जवळजवळ रोजची. चार वर्षांची.

चाळणीनं सगळं वाचलं आणि एवढंच लिहिलं, "लावा नाव."

दादा, आई गेली त्या आठवड्यात मी सगळ्यांदेखत म्हणाले होते, "हा आईपाशी कधी बसलाच नाही, कॉम्प्युटरपाशी बसला." तू साइट बंद केलीस आणि निघून गेलास. मला माहीत नव्हतं, असं म्हणता येईल. पण मी विचारलंही नव्हतं. चुकले मी.

परवा नोंद मंजूर झाली. आता हे पॅकेज जाईल तिथे तुझं नाव जाईल. ग्रंथालयातल्या शिपायालासुद्धा बोलावून दाखवलं. "माझ्या भावाचं आहे," म्हटलं. तो म्हणाला, "बाई, सकाळपासून तिसऱ्यांदा सांगताय."

चुका कळवण्याच्या जागी तुला न विचारता तुझा पत्ता घालवेना, म्हणून माझा दिलाय. त्यावर शाळेतल्या बाईंचं लांबलचक पत्र आलंय. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. सोबत जोडलंय. त्यांना तेवढं उत्तर दे. मला नाही दिलंस तरी चालेल.

तुझा अभिमान वाटणारी, आणि तो सांगायला तीन वर्षं लावणारी,
तुझी धाकटी