राखीव विंगर

२ ऑगस्ट
आजपासून मी प्रोफेशनल रग्बी खेळाडू. क्लबशी एका वर्षाचा करार झाला. पुढच्या वर्षी राष्ट्रीय संघ. त्याआधी घाई नको. बाबांना फोन केला. अभिनंदन म्हणाले, पण नोकरीचं काय? म्हटलं, हीच नोकरी. त्यांनी फोन आईकडे दिला. भारावले असावेत.
संकल्प : पहाटे उठून पळणे.

३ ऑगस्ट, सकाळी पावणेदहा
झोप हासुद्धा ट्रेनिंगचाच भाग आहे, असं कुठंतरी वाचलंय.

१९ ऑगस्ट
कोच म्हणाले, समोरच्याला टॅकल करून पाडताना तू डोळे मिटतोस. मोठे खेळाडू अंदाजावर खेळतात, हे त्यांना कोण सांगणार? संध्याकाळी रूममेटवर सराव केला. त्याला सगळे रणगाडा म्हणतात. बेसिनपाशी दात घासत होता. धावत जाऊन कमरेला मिठी मारली. तो हललाही नाही. चूळ भरली आणि विचारलं, काही हवंय का?

११ सप्टेंबर
पहिल्या मॅचची टीम लागली. माझं नाव नाही. हुकमाचा एक्का पहिल्याच हाताला कोणी टाकतं का? कडेला उभा राहून सगळ्यांना पाणी दिलं.

३० ऑक्टोबर
ताईचा फोन. टीव्हीवर दिसलास म्हणाली, बाटली फार छान देतोस. मत्सर. दुसरं काय!

१४ जानेवारी
मैदानात उतरलो! मैदानाच्या कडेने पळणाऱ्या आमच्या विंगरच्या भुवईला खोक पडली, त्याला टाके घालेपर्यंत त्याच्या जागी मी. बॉल सगळा वेळ पलीकडच्या कडेला. माझा धाकच तसा. तेवढ्यात तो पट्टी बांधून परत. क्लबचे डॉक्टर नको तेवढे चपळ आहेत.

२२ एप्रिल
शेवटची मॅच. आई-बाबा, ताई, सगळे बघायला. दोन गुणांनी मागे असताना कोचनी मला उतरवलं. त्यांना उशिरा का होईना, अक्कल आली. अगदी शेवटी बॉल हातात आला. समोर मोकळं रान. जो सुटलो! मागून कोणी येईना. रेषेपलीकडे सूर मारून बॉल टेकवला. छाती सोलवटली. वळून पाहतो तर दोन्ही टीम हात मिळवतायत. मला दिलेला पास पुढे गेला होता. रग्बीत तो मागेच द्यायचा असतो. रेफरीने तेव्हाच शिट्टी मारून मॅच संपवली होती. आई उभी राहून टाळ्या वाजवत होती. बाबा तिला खाली बसवत होते.

९ मे
कोचनी बोलावलं. करार वाढवणार नाही म्हणाले. विचारलं, यात काही डावपेच आहे का? नाही म्हणाले. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, पोरगा चांगला आहेस. रणगाड्याने माझी बॅग जिन्याखाली आणून दिली. जिन्यात धूळ फार. डोळ्यांना पाणी येतं.

२० मे
खालच्या डिव्हिजनमधल्या एका क्लबचा फोन. आवर्जून मलाच! बस चालवायचं लायसन्स आहे का, विचारलं. काढेन म्हटलं. खेळायला मिळेल ना, विचारलं. टीमचे पंधरा जण जमले नाहीत तर, म्हणाले.
हो म्हणून टाकलं. तिथे बसमध्ये कप्तान सगळ्यांत पुढे बसतो म्हणे. ड्रायव्हर त्याच्याही पुढे.