सरनोबतांच्या नावची पत्रं

७ जून १९९८, रविवार. सकाळी ९.
डॉक्टर म्हणाले, बीपी आहे, एखादा छंद लावून घ्या. शिवलीलाचं म्हणणं, छंद म्हणजे रोज सकाळी रंकाळ्याला चालत जाणं. डॉक्टर ‘छंद’ म्हणाले, ‘चालणं’ म्हणाले नाहीत. शब्द नीट ऐकावा माणसानं.
पोस्टाची तिकिटं गोळा करायचं ठरवलं. संकल्प: दिवाळीपर्यंत शंभर देश. रोज एक तास. शिस्त महत्त्वाची. त्यासाठीच ही रोजनिशी. माझ्याशिवाय कुणी वाचायची नाही.
रक्षिता नववीत आहे, तिला सगळं कळतं. म्हणाली, पप्पा, आधी एक तिकीट तरी आणा.

९ जून.
ऑफिसच्या रद्दीतून एकशे अकरा तिकिटं कापली. एका दिवसात! सगळी सरकारी पाकिटांची, सगळ्यांवर तेच सिंह. शेजारच्या टेबलावरचा कृष्णात म्हणाला, ‘मगदूमसाहेब, ह्यो संग्रह न्हवं, कळप हाय.’
हसण्यासारखं काही नव्हतं. सगळं ऑफिस हसलं.

१४ जून. दुपारी.
पुस्तकात लिहिलंय, तिकीट कोमट पाण्यात भिजवून पाकिटावरून सोडवावं. कोमट म्हणजे किती, ते लिहिलेलं नाही. चहाचं आधण होतंच. हिरवी तिकिटं पांढरी झाली, पाणी हिरवं झालं. उरलेली चपातीच्या फडक्यावर वाळत घातली. फडकं कुणाचं यावरून वाद. छंदाला घरातून पाठिंबा लागतो, तो नाही.

२२ जून.
हेड पोस्टात गेलो. तिकिटांच्या काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, कुठला विषय? पक्षी, फुलं, देश? म्हटलं, सगळे. त्या म्हणाल्या, एकापासून सुरुवात करा, नवीन आहात. (मला नवीन म्हणायचं त्यांना काय कारण?)
विषय ठरवला: परदेश. त्यासाठी परदेशात ओळख हवी. आपल्या ओळखी इचलकरंजीला संपतात.

२८ जून, रविवार.
आज सांत्वनाला गेलो होतो. गल्लीच्या टोकाला राहणारे हंबीरराव सरनोबत १७ मेला वारले. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडच्या लाउडस्पीकरवर त्यांचाच आवाज असायचा. आधी एकदा खोकायचे, मग गाडी सांगायचे. तीस वर्षं परदेशी तिकिटं जमवली. माझ्या सांत्वनाशी याचा संबंध नाही.
ही चौथी खेप. सरनोबतांच्या पत्नी झुंबरकाकी स्वतःच म्हणाल्या, ‘तिकिटासाठीच येतोस न्हवं? मग ने की. मला काय त्यातलं कळतंय?’ मी दोनदा नको म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणताना अल्बम पिशवीत होते.
तीन अल्बम. एकेचाळीस देश. महिना पुरा व्हायच्या आत! शिवलीला म्हणाली, ही तुमची कुठं? मालकी हा तांत्रिक मुद्दा आहे.

६ जुलै.
काकींनी हाक मारून एक पाकीट दिलं. काकांच्या नावचं, फिनलंडहून. तिकडं लहतिनेन म्हणून कुणी म्हातारे आहेत, अकरा वर्षं दोघांची तिकिटांची देवघेव चालली होती, इंग्रजीतून. त्यांच्या गावाचं नाव ऊलू. मी हसलो नाही.
पत्रात काकांच्या एप्रिलच्या पत्राचं उत्तर, गुडघ्याची चौकशी, आणि सहा तिकिटं. एकावर निळं जहाज. इतकं निळं की घरात ट्यूब लावायची गरज नाही.
काकी म्हणाल्या, ‘त्या बाबाला कळव, हे गेलं म्हणून. उगं वाट बघत बसंल.’
उद्या कळवतो.

८ जुलै.
मसुदा केला. ‘With deep regret’ पर्यंत आलो आणि विचार आला: म्हातारा माणूस. थंड देश. एकटा असेल. अशी बातमी एकदम देणं म्हणजे क्रूरपणाच. हळूहळू सांगावं. आधी एक बरं पत्र जाऊ दे.
लिहिलं: ‘मी बरा आहे. गुडघा आता दुखत नाही. जहाजांची आणखी असल्यास पाठवावीत.’ खाली अल्बमवरची काकांची सही बघून सही: H. R. Sarnobat. पहिल्याच झटक्यात हुबेहूब आली. जरा दचकलो.
पुढच्या पत्रात खरं सांगायचं. नक्की.

१९ ऑगस्ट.
फार वाईट झालं. माझी चूक नाही.
उत्तर आलं. काकी म्हणाल्या, ‘हे असते तर चहा पिता पिता वाचून दावायचं मला मराठीत. तू वाच की.’ मला वाटलं, आपण आधी नजर फिरवू, मग वगळून सांगू. पण इंग्रजीचं मराठी करताना माणूस त्या नादात जातो. तोंडातून गेलंच: ‘तुमचा गुडघा बरा झाल्याचं वाचून आनंद वाटला.’
काकींनी बशी खाली ठेवली. म्हणाल्या, परत वाच. वाचलं. तारीख विचारली. ३ ऑगस्ट.
मी म्हटलं, परदेशी पोस्ट असतंच संथ, जुनं पत्र आत्ता मिळालं असेल.
काकी म्हणाल्या, ‘जुन्या पत्रात कसं असंल? गुडघा जायच्या दिवसापतुर दुखत हुता. रातभर तेल चोळत हुते मी. बरा कधी झाला? आनि कुठं झाला?’
त्या भिंतीवरच्या फोटोकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘म्हंजी तिकडं गेल्यावर बरा झाला.’
तिकिटं घेऊन घरी आलो. चार नवीन. एकही नीट बघितलं नाही.

२४ ऑगस्ट. सकाळी.
उद्या गणपती. बाजारातून येताना काकींच्या दारावरून आलो. उंबऱ्यावर दोन कप चहा. एक त्यांचा. दुसऱ्यावर बशी पालथी, निवू नये म्हणून. काकांचा चष्मा पुसून खिडकीत ठेवलेला. मला बघून म्हणाल्या, ‘बस. ते तिथं बसत्यात, तू हिकडं बस.’
मी बसलो नाही. बाजाराची घाई होती. (बाजार झालेला होता.)
खरं सांगितलं पाहिजे. पण सणात नको.

२ सप्टेंबर.
विचार केला, काकींना या गोष्टीतून थोडा आनंद तरी मिळावा. बिचारीला माझ्यामुळं— बिचारीला एकूणच त्रास झाला. म्हणून ऊलूला आणखी एक पत्र, काकांच्या सहीनं. यावेळी तिकिटांसाठी मुळीच नाही. लिहिलं: ‘माझी बायको फार चांगली बाई आहे. तिची जवसाची चटणी कोल्हापुरात एक नंबर. मी हे तिला कधी सांगितलं नाही.’
ता.क. त्रिकोणी तिकिटं असल्यास बघावीत.
लिहिताना खोकला आला. एकदाच. हवा बदललीय.

७ सप्टेंबर.
दुपारच्या सुट्टीत घरी आलो. लाइट गेलेली. अल्बम कपाटात ठेवून जेवायला बसलो. जेवून आलो तर टेबलावर, फिनलंडचं पान उघडं. शिवलीला म्हणते तिनं हात लावला नाही. रक्षिता शाळेत. वाऱ्यानं झालं असावं. कपाटाला कडी आहे, पण वाऱ्याचं सांगता येत नाही.
स्टँडवर गेलो होतो, इचलकरंजीच्या साडूला सोडायला. स्पीकर खरखरला, कुणीतरी खोकलं, आणि गारगोटीची गाडी सांगितली. मी साडूला विचारलं, ऐकलंस? तो म्हणाला, व्हय, गारगोटी, तीन नंबर.
खोकल्याबद्दल विचारलं नाही. कशाला उगीच.

११ सप्टेंबर.
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर हजेरीचं मस्टर उघडं. म्हणाले, आपल्याकडं सरनोबत कोण आहेत?
माझ्या नावापुढं सही होती. H. R. Sarnobat. सोमवार ते शुक्रवार, पाच दिवस. झोकदार, खाली रेघ ओढलेली.
मी म्हटलं, चष्म्याचा नंबर बदललाय. साहेबांनी मस्टर मिटलं. म्हणाले, चार दिवस रजा घ्या.
घरी शिवलीलाला सांगितलं. ती हसेल वाटलं होतं. ती म्हणाली, ‘अहो, तुम्ही हल्ली चालता पण त्यांच्यासारखं. उजवा पाय ओढत.’
डॉक्टरांना दाखवलं. गुडघ्यात काही नाही म्हणाले.

१५ ऑक्टोबर.
पत्र. काकींनी शेजारच्या बनाबाईलाही बोलावून बसवलं होतं. म्हणाल्या, ह्यांचं पत्र आलंय. ‘ह्यांना आलंय’ नव्हे. ‘ह्यांचं’.
वाचलं: ‘प्रिय सरनोबत, अकरा वर्षांत तुम्ही बायकोबद्दल एवढं कधी लिहिलं नव्हतं. तुम्ही म्हणता ती फार चांगली बाई आहे आणि तिची चटणी एक नंबर. हे मला का सांगता? तिला सांगा.’
काकींनी तीनदा वाचायला लावलं. बनाबाईनं पदर डोळ्याला लावला. काकी रडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘तीस वर्सं मीठ जास्त, मीठ जास्त म्हणून ताट सारत हुतं. आनि तिकडं जाऊन एक नंबर व्हय.’ आवाजात काय होतं ते मला कळलं नाही. मला चटणीचा डबा दिला. जवसाची.
मीठ खरंच जास्त आहे.
पाकिटात यावेळी तिकीट एकही नव्हतं. म्हातारा विसरला असावा.
दिवाळी चार दिवसांवर. देश: त्रेचाळीस. शंभर हा आकडा मुळातच प्रतीकात्मक होता.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार.
ऊलूहून जाड पाकीट. काकींना म्हटलं, घरी नेऊन नीट भाषांतर करून आणतो. पहिल्यांदाच आधी विचार केला. पाकीट माझ्या हातात देताना त्यांनी जरा जास्त वेळ धरून ठेवलं.
पत्र असं:
‘महाशय, तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. सरनोबतांनी अकरा वर्षांत माझ्याकडं एक तिकीट मागितलं नाही. ते पाठवायचे, मी पाठवायचो. तुम्ही प्रत्येक पत्रात मागता. मला वाटतं माझा मित्र वारला आहे. कधी, ते कृपा करून कळवा. त्यांचं शेवटचं पत्र सोबत जोडतो. ते त्यांच्या घरी असावं.’
प्रत्येक पत्रात म्हणणं चूक आहे. मी दोनदाच मागितली. एकूण पत्रं दोनच आहेत, ते खरं.
काकांचं पत्र वाचलं. एक पान. दोनदा वाचलं, काहीतरी सापडेल म्हणून.

२८ नोव्हेंबर.
ठरलं. काकींना ऊलूच्या म्हाताऱ्याचं पत्र दाखवायचंच नाही. काकांचं वाचून दाखवायचं, आणि शेवटी दोन ओळी आपण घालायच्या. चांगल्या. त्यांना इंग्रजी येत नाही. कुणाचं काय जातं? ओळीही लिहून काढल्या. पाठ केल्या.

२९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४.
सगळं लिहून ठेवतो.
गेलो. उंबऱ्यावर दोन कप. काकींनी कागद हातात घेतला, उजेडाकडं धरला. वाचता येत नाही, पण अक्षर ओळखलं. त्यावरून बोट फिरवलं. ‘हे त्येंचंच,’ म्हणाल्या. ‘वाच.’
वाचलं. ११ एप्रिल. बेल्जियमची दोन तिकिटं पाठवत आहे. एकाच्या कडेचे दाते डाव्या बाजूला दुखावले आहेत, माफ करा. इथं उन्हाळा कडक. गुडघा दुखतो. स्टँडवर नवीन स्पीकर बसवले, आवाज बरा आहे. तुमच्याकडचा बर्फ वितळला का? आपला, सरनोबत.
आता माझ्या दोन ओळी. तोंड उघडलं. त्या पालथ्या बशीकडं लक्ष गेलं. खोकला आला, एकदाच, आणि पुढं शब्द येईनात. पाठ केलेलं असून येईनात.
काकींनी विचारलं, ‘संपलं?’
हो म्हटलं.
‘माझं काय?’
‘काही नाही, काकी.’
‘चटणीचं?’
‘नाही.’
काकींनी मान हलवली. ‘व्हय. मग ह्यो खरा त्येंचा हाय.’
मी म्हटलं, काकी, ती आधीची दोन पत्रं मी लिहिली. गुडघा मी बरा केला. चटणी मीच. तिकिटांसाठी. असंच म्हणालो, या क्रमानं.
‘मला चटणीच्या येळंलाच वाटलंतं,’ काकी म्हणाल्या. ‘हा मानूस मेला तरी असं म्हननार न्हाय. पर म्हटलं, कोनतरी म्हनतंय, तर म्हनू दे.’
मग म्हणाल्या, ‘पर गुडघ्याचं मला खरं वाटलंतं रं.’
हे त्या रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.
अल्बम परत आणतो म्हणालो. ‘ठेव,’ म्हणाल्या. ‘हितं वाळवीच खाणार.’ उठल्या, बशी काढली, गार चहा रस्त्यावर ओतला. दोन्ही कप आत नेले. दार लावून घेतलं. कडी लागल्याचा आवाज आला.

६ डिसेंबर, रविवार. सकाळी.
कपाट बंद आहे. अल्बम जागच्या जागी. खोकला नाही. पाय ठीक. घरात सगळं शांत आहे. हे बरं की वाईट, कळत नाही. सकाळपासून दोनदा कपाट उघडून बघितलं.
काकींच्या दारावरून गेलो. त्या बघतात, बोलत नाहीत. चहा एकच कप.
ऊलूला पत्र लिहिलं. चार कागद वाया गेले. पाचव्यावर: ‘महाशय, सरनोबत १७ मे रोजी वारले. मी सरनोबत नाही.’
पुढं मी कोण, ते लिहायला बसलो. एस. मगदूम, कारकून, कोल्हापूर. आणखी काही सुचेना. बाकी पान कोरं राहिलं. तसंच घडी घालून पाकिटात टाकलं.