हिरवी रेघ चढते आहे

१२ जुलै १९९९
नववीत आलेख टांगला. दर हजार माणसांमागे मोटारी किती, देशवार. अमेरिका तांबडी, पार वर. जपान निळी, माझ्या लहानपणापासून चढतच गेलेली. भारत हिरवी, तळाशी आडवी. पोरं म्हणाली, "गुरुजी, आपल्या गावाची रेघ?" गावात मोटार एकच, मुक्कामी एसटी. तीही सरकारची. सगळे हसलो.

३ मार्च २००४
नागपूरहून नवे आकडे आणून आलेख वाढवला. चीन पुढं निघून गेला. आपलीही रेघ जराशी उचललेली. बरं वाटलं. ही तांदूळ निवडत म्हणाली, "लोकाइच्या गाड्या, तुमाले कायचा आनंद जी?"

१८ जून २०१०
आमची सुषमा देवरीला कॉलेजात. गावातून पहिलीच पोरगी. पहाटे मुक्कामी गाडीनं जाते, संध्याकाळी तिनंच येते. ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या ओट्यावर झोपतात, जेवण आमच्याकडे. कंडक्टर म्हणतो, "पोरगी बसल्याबिगर बेल नाही मारत जी."
सरपंचांनी पांढरी गाडी घेतली. मागोमाग तेंदूच्या ठेकेदारानं. हिरवी रेघ चढते आहे!

९ ऑगस्ट २०११
कंडक्टर जेवून उठला. हात धुताना बोलला, "गुरुजी, मुक्काम बंद होऊन राहिला. आता गाडी फाट्यावरूनच." फाटा जंगलापलीकडे. सुषमा भात वाढत होती, तशीच थांबली.

११ ऑगस्ट
आगारात गेलो. साहेब म्हणाले, "सवारी कहाँ है, गुरुजी? अब तो सबके पास गाड़ी है." गावात दोनच आहेत, म्हटलं. "औसत देखिए, औसत." सरासरी इतकी वर्षं मीच शिकवतो. बाहेर येऊन नुसता चरफडलो.

२५ ऑगस्ट
सरपंचांना विचारलं, पोरीला फाट्यापर्यंत सोडाल का. "माही गाडी ऑटो हाय का जी?" हसून म्हणाले, पण म्हणाले. सायकल आहे. वाटेत अस्वलं. ही ऐकायला तयार नाही.
कॉलेज बुडतंय.

१४ सप्टें.
सुषमा पहाटे वेणी घालून दारात. "काऊन व?" "सवय, बाबा."
दुपारी आलेख रंगवायला बसली, दरवर्षीसारखी. हिरवी पेन्सिल हातात धरून विचारलं, "बाबा, यात एसटी कोन्त्या रेघेत हाय?"
कुठल्याच नाही. मी पट्टी पुढं सरकवली. तिनं रेघ सफाईनं वर ओढून दिली.
आता म्हणते, उद्या सायकल काढते. ही दारात आडवी बसली आहे. दोघी माझ्याकडे बघताहेत आणि मी हे लिहीत बसलो आहे.