तेराव्याची स्कूटर

मुलुंड,
६ जानेवारी २०२५

चि. मुकुल यास आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू बोलतोस आणि कानातलं मशीन लावूनही मला नुसती खरखर ऐकू येते. म्हणून पत्र. तुझ्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात का होईना, उत्तर धाड.

काल ह्यांच्या नावाने नोटीस आली. नो पार्किंग, उलट्या दिशेने गाडी, बिनहेल्मेट, बरीच चलानं तुंबली आहेत म्हणे. लोकअदालतीत हजर राहा. ज्यांना जाऊन वर्ष झालं, त्यांनी हजर राहायचं. पिवळा दिवा दिसला तरी थांबून मागच्यांच्या शिव्या खाणारा माणूस तो. शेजारच्या जयंतीने नोटीस वाचून दाखवली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

स्कूटर धोंडिरामकडे आहे, तुला ठाऊकच आहे. अंथरुणावरच्या माणसांची सेवा हाच त्याचा धंदा, पण ह्यांचं त्याने मुलासारखं केलं. म्हणून तेराव्याला, तिकडच्या तापल्या वाटेवर ह्यांना उपयोगी पडावी अशी छत्री आणि चपला त्याला दिल्या, आणि वर स्कूटरही. तू कागद त्याच्या नावावर करू म्हणालास, मीच अडवलं. दान देताना सह्या मागायच्या नसतात. आता ह्यांच्या नावावरचा डाग काढ, पण त्या गरिबाला यात ओढू नकोस.

सूनबाई ऋताला आशीर्वाद. माया आहेच.
तुझी आई

अंधेरी,
१९ जानेवारी

ती. आईस सा. न.

कोंबडीने अखेर लिहायला घेतलंय, बघ.

बाबांच्या मृत्यूचा दाखला जोडून ऑनलाइन तक्रार केली, ती फेटाळली. मग चौकीवर गेलो. तिथले साहेब भले वाटले. म्हणाले, मेलेला माणूस गाडी चालवत नाही हे आम्हालाही समजतं, पण फोटोत कोणीतरी आहे ना, त्याचं नाव द्या. फोटोही दाखवले. बाबांची निळी स्कूटर, मागे डायपरचे गठ्ठे बांधलेले. कधी घाटकोपर, कधी साकीनाका. पेशंटच्या बिल्डिंगखाली लावतो आणि वर धावतो, दुसरं काय.

आई, विमा कधीच संपलाय. उद्या त्याने कोणाला उडवलं तर आपली वाट लागेल. पुण्य तुझं आणि कोर्टाच्या खेपा माझ्या. रागावू नकोस. तू हो म्हटल्याशिवाय नाव देणार नाही.

तब्येतीला जप, लोभ असावा.
मुकुल

मुलुंड,
२७ जानेवारी

चि. मुकुल यास अनेक आशीर्वाद.

परवा हवालदार दुसरी नोटीस घेऊन आला. मी देवळात गेले होते, म्हणून खाली गेटपाशीच ह्यांच्या नावाने विचारत बसला. सोसायटीतली माणसं जमली. कोणीतरी हसत म्हणालं, विद्याधरराव वर जाऊनही सिग्नल तोडतात. मला जयंतीने सांगितलं.

दे नाव. फक्त समज देऊन सोडा, असं सांग त्यांना.

जास्त लिहवत नाही.
आई

अंधेरी,
११ फेब्रुवारी

ती. आईस सा. न.

काम झालं. बाबांच्या नावावरची सगळी चलानं रद्द झाली. समज द्यायचं मी सांगितलं होतं, पण कागद नाहीत, विमा नाही, म्हणून स्कूटर उचलून नेली. धोंडिरामला फोन केला, तो उचलत नाही. तू जिवाला लावून घेऊ नकोस. कायद्याने दुसरं काही होण्यासारखं नव्हतं.

रविवारी येतो. लोभ राहू दे.
मुकुल

मुलुंड,
१४ फेब्रुवारी

चि. मुकुल यास आशीर्वाद.

आज धोंडिराम आला होता. स्कूटर गेल्यापासून सकाळी वेळेवर पोहोचता येत नाही, दोन घरं सुटली त्याची. मला वाटलं भांडेल, भांडला असता तर बरं झालं असतं. पाणीसुद्धा घेतलं नाही. एवढंच म्हणाला, की देणाऱ्याचं मन उठलं तर ती वस्तू घरात ठेवू नये, असं त्याची आई सांगायची. स्कूटर त्याच्या हातात राहिली नव्हती, म्हणून उरलेलं घेऊन आला होता. ह्यांची छत्री आणि चपला दारात ठेवल्या आणि जिना उतरला. डाव्या चपलेला त्याने नवा पट्टा घालून घेतला होता.

मी नको नको म्हणत राहिले. उतरता उतरता तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, मशीन आत राहिलं होतं.

ह्यांचं नाव निघालं रे, पण ह्यांना मी अनवाणी केलं. चपला अजून दारातच आहेत, माझ्याने आत घेववत नाहीत. रविवारी येशील तेव्हा त्या घेऊन आधी त्याच्याकडे जा, मग माझ्याकडे ये.

आई