तेहतिसावा प्याला

५ ऑगस्ट, मंगळवार

स्नेहल सकाळच्या एसटीने संगमनेरला गेली. लेक झाली तरी तिलाही तिचं घर आहे, बापाजवळ किती दिवस बसणार. जाताना बीपीच्या गोळ्यांचं पाकीट डोळ्यांसमोर राहील असं टांगून गेली. तिच्या आईला, माझ्या मार्थाला, जाऊन आज वीस दिवस.

संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब आले. वय पस्तीस असेल, चपला दाराबाहेर अगदी सरळ ठेवतात. इकडचं तिकडचं बोलले, पण डोळे सारखे कपाटाकडे. शेवटी मीच म्हणालो, "ताट पाहिजे ना?"

परवा महिन्याचा पहिला रविवार आणि चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायचा पाव आणि द्राक्षाचा रस, झालंच नाही. का, तर ताट आमच्या घरात आणि मागायचं कोणाला धाडस होईना. चाळीस भोकांचं लाकडी ताट, त्यात बसणारे अंगठ्याएवढे काचेचे प्याले, वरून झाकायचं पांढरं फडकं. बावीस वर्षं मार्थाच मनुका भिजवायची, रस काढायची, पावाचे तुकडे करायची.

"न्या की. पण करणार कोण?"

"तुम्हीच करा काका. तुमचा जन्म रसात गेलाय."

तीस वर्षं साखर कारखान्यात पॅनवर होतो, उसाचा रस आटवून दाणा धरायचं काम, म्हणून ही थट्टा. पण मी प्रभुभोजन (प्र. भो.) घेत नाही हे चर्चच्या अख्ख्या मंडळीला ठाऊक आहे. साहेबांनाही. तरी विचारलं. बघतो म्हणालो.

९ ऑगस्ट, शनि.

शेजारच्या रूथबाई मेथीची भाजी देऊन गेल्या. मार्थाची जिवाची मैत्रीण, दर वेळी प्याले धुवायला तिच्याबरोबर असायच्या. म्हटलं, ताट तुम्ही घ्या. "भाऊ, डोळ्यात मोतीबिंदू हाय माझ्या. निम्मा रस त्या फडक्यावर सांडंल. तुमीच करा."

का घेत नाही ते एकदाचं लिहून टाकतो.

अकरा वर्षांपूर्वी आमचा आशिष गेला. सतरा वर्षांचा. डेंगू. नगरला दवाखान्यात चार दिवस. इथे मंडळी चार दिवस उपास-प्रार्थनेत. मी गुडघे टेकून जे काही कबूल करता येतं ते सगळं केलं. पाचव्या दिवशी त्याला घेऊन आलो. तेव्हाचे पाळक होते ते माझ्या खांद्यावर हात ठेवून "देवाची इच्छा" म्हणाले. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी ताट माझ्यापुढे आलं आणि मी ते तसंच पुढे सरकवलं. ज्याने माझा मुलगा ठेवला नाही त्याच्या ताटात मी जेवणार नाही.

चर्चला मात्र जात राहिलो. मार्था एकटी कशी जाणार. मागच्या बाकावर बसायचं. पंखे, घंटेचा दोर, माइकची वायर, काय बिघडेल ते दुरुस्त करायचं. देवाशी बोलणं नाही, एवढंच. मार्था यावर एकदाही भांडली नाही. तेव्हा मला वाटायचं, माझा हट्ट तिने मान्य केला.

५ सप्टें., शुक्र.

हो म्हणून बसलोय. उद्या रस काढायचा, परवा प्र. भो.

कोपरगावहून काळ्या मनुका आणल्या. किती घ्यायच्या, पाणी किती, काही लिहून ठेवलेलं नाही. मार्थाचं सगळं अंदाजावर. कारखान्यात असं कोणी केलं असतं तर पाळीतून हाकलला असता. संध्याकाळी भिजत घातल्या.

६ सप्टें., शनि.

पहिली खेप फेकून दिली. सवयीने आटवत बसलो, काकवी झाली. आधण आलं की उतरवायचं आणि पिळायचं, इतकं साधं होतं. दुसऱ्या खेपेला जमलं. तिच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून गाळला. तुकडा स्वच्छ धुतलेला, घडी घालून ताटाशेजारच्या डब्यात होता. बराच वेळ नुसता हातात धरून बसलो.

प्र. भो. घेणारे तेहतीस होते. मार्था गेली, बत्तीस. बत्तीस प्याले पुसून ठेवले.

७ सप्टें., रवि.

पार पडलं. ताट सगळ्या बाकांवरून फिरलं. माझ्यापर्यंत आलं तोवर रिकामं.

नंतर नळावर रूथबाई आणि मी प्याले धुत होतो. बाई म्हणाल्या, "आज एकबी उरला न्हाई."

"मोजूनच भरले होते. मार्था काय जास्त भरायची?"

"एक जास्त. दर खेपेला. तुमचा."

मी म्हटलं मी घेत नाही हे तिला माहीत नव्हतं का.

"माहीत हुतं की. म्हनून तर." मी नळ बंद केला. तेव्हा कुठे बाई पुढचं बोलल्या. तो भरलेला प्याला ताटात परत यायचा. उरलेलं झाडाच्या बुडाशी ओतायचं, ही आमची रीत. मार्था तो एक ओतायची नाही. औषधाच्या छोट्या बाटलीत घालून पदराआड घरी न्यायची आणि शिऱ्यात घालायची. माझ्या ताटातल्या शिऱ्यात.

"म्या तिला लई येळा म्हनलं, मार्था, असं करू नगं, पाप लागंल. ती म्हनायची, त्यांचं तोंड न्हाई म्हनतंय. पोट कुटं न्हाई म्हनतंय?"

घरी आलो. जेवलो नाही.

८ सप्टें.

फसवलं. अकरा वर्षं. माझ्याच घरात, माझ्याच ताटात.

११ सप्टें., गुरु.

तीन दिवस डोकं तापलेलं. आज दफनभूमीत गेलो. दोघं शेजारी शेजारी आहेत, आशिष आणि त्याची आई. तिच्या मातीवर अजून दगडही बसवलेला नाही. तरी उभा राहून बोललो. मोठ्याने बोललो. मी देवाशी भांडत होतो, ते आमचं दोघांचं होतं, तू मध्ये का पडलीस? मला विचारायचं तरी. पलीकडच्या मक्यातल्या माणसाने मान वर करून पाहिलं.

मग गवत उपटत बसलो. आणि शिरा आठवला.

पहिल्या रविवारी चर्चहून आलं की शिरा ठरलेला. रस काढून उरलेल्या मनुका त्यात घालायची. मी म्हणायचो, "आज जरा आंबट लागतोय गं." ती म्हणायची, "मनुकांचं असेल." पाठ माझ्याकडे करून म्हणायची, हे आता आठवतंय. आणि मी काय केलं? मागून मागून खाल्ला. ताट बोटाने पुसून खाल्लं. एका रविवारी तिला ताप होता, शिरा झाला नाही, तर मी दिवसभर फुगून बसलो होतो.

हसायला आलं. दफनभूमीत एकटा बसून हसलो आणि मग रडलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा नीट रडलो. आशिषच्या वेळचंही थोडं राहिलं होतं, तेही त्यात आलं.

१९ सप्टें., शुक्र.

पाळकसाहेबांकडे गेलो. आधी म्हटलं एका माणसाची गोष्ट आहे. दोन वाक्यांत त्यांना कळलं कोणाची.

साहेबांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "काका, हे मला पाळकांच्या सेमिनरीत शिकवलं नाही."

"पाप आहे का सांगा. तिच्यावर आहे की माझ्यावर?"

"नियमात बसत नाही, एवढं नक्की. घेणाऱ्याने समजून उमजून घ्यायचं असतं." मग विचारलं, "शिरा सगळा खायचात का?"

"ताट पुसून."

"मग मला कशाला विचारता?" असं म्हणाले आणि चहा सांगितला. निघताना म्हणाले, "तुम्ही अकरा वर्षं उपाशी होतात असं मी धरून चाललो होतो. चुकलो."

घरी येताना रस्त्यात तोंडातून आपोआप निघालं, दोघांना सांभाळ. कोणाला म्हणालो ते लगेच लक्षात आलं. पुढे काही सुचलं नाही, पण म्हटलेलं परतही घेतलं नाही.

२ ऑक्टो., गुरु.

दसरा. समोरचे पाटील आपट्याची पानं देऊन गेले. दर वर्षी मार्था त्यांच्या पोरांना करंज्या द्यायची. मी बिस्किटाचा पुडा दिला.

रूथबाईंनी विचारलं, "रविवारी किती भरनार?" म्हटलं, घेणारे बत्तीस. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मोतीबिंदू असला तरी बघायचं तसं बघतात.

राग गेलाय असं लिहिणार होतो. खरं नाही. मार्थावरचा गेला. आशिषचं उत्तर देवाने मला अजून दिलेलं नाही आणि या जन्मात मिळेलसं वाटत नाही. पण मार्थालाही मिळालं नव्हतं. आई होती ती. ती त्याच ताटातून घेत राहिली आणि माझाही वाटा आणत राहिली. हे तिला कसं जमलं, ते तिला कधी विचारलंच नाही. आता विचारावंसं वाटतं, आणि ती नाही.

४ ऑक्टो., शनि.

रस एका खेपेत जमला. रंग चांगला. साडीचा तुकडाही नीट धुऊन वाळत घातला.

उरलेल्या मनुका घालून शिरा केला. आयुष्यात पहिल्यांदा. रवा थोडा कच्चा राहिला, पण खाण्यासारखा होता. एक ताट खाल्लं. गोड झाला होता. नुसता गोड. पुन्हा घ्यावासा वाटला नाही.

५ ऑक्टो., रवि. सकाळ

बत्तीस भरले. मग तेहतिसावा.

काठोकाठ भरला, पण सांडला नाही. पॅनवर तीस वर्षं काढली ती कामी आली. तो ताटाच्या कडेच्या भोकात ठेवलाय, माझ्या बाकावर शेवटी हाताला येईल असा.

घेईन की नाही, माहीत नाही. खोटं लिहायचं नाही. ताट पुढे आलं की अकरा वर्षांची सवय हाताला पुढे सरकवायलाच लावेल. पण नाही घेतला तर तो भरलेला परत येईल, आणि आज त्याला घरी आणणारं कोणी नाही. मला नकळत खाऊ घालणारी गेली. आता जे काय करायचं ते मला जाणूनबुजून करावं लागणार.

पहिली घंटा झाली. ताट धरायला दोन्ही हात लागतात. ते ती धरायची आणि मागून कुलूप मी लावायचो. आज कुलूप लावायला हात नाही. दार नुसतं ओढून घेतो.